सुजाताचा पासवर्ड

हॅलो? … हो, मीच दिला मिस कॉल. प्रांजली, बाई, तू मीटिंगमध्ये तं नाही ना? … आहे? मंग बाहेर निघ लवकर! … नाही, नाही, तब्येती ठणठणीत आहेत दोघांच्या. तुझे बाबा शेजारच्या बळीरामभाऊसंगं केसाच्या कटिंगले गेले, इथंच रिसाली मार्केटमध्ये. त्याइच्या त्या मशीनचं पाहय काहीतरी.

अवं तेच, तू पुण्याहून पाठवला तो खिशातला कॉम्प्युटर. लिनक्सवाला. … काही नाही केलं मी! … बरं, थोडंसं केलं.

अगं ऐक ना. मी जवळ गेली का हे त्याच्यावर पंचा टाकतेत. आज घरीच ठेवून गेले, तं म्हटलं पाहू तरी काय लपवून राहिले. … पासवर्ड? अंदाजानं टाकला. तुझी जन्मतारीख. मंग जुन्या क्वार्टरचा नंबर. मंग यायचा, तुझ्या बाबाचा, प्लांटमधला पर्सनल नंबर… आता म्हणते, खातं लॉक!

हसू नको! संध्याकाळी मराठी मंडळात यायचा डेमो आहे, याच मशीनचा. प्लांटमधले सगळे जुने लोक येऊन राहिले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कोणी यायले काही शिकवाले बोलावलं, म्हणून तं कटिंग! अन् मी कुलूप लावून बसली. काय तोंड दाखवू यायले?

स्क्रीनवर? थांब, चष्मा… बटणं मुगाच्या दाण्याएवढी आहेत, माय. हं. दोन नावं दिसून राहिले. एक तं… यायचं. … यायचं म्हणजे यायचं! … मी नाव नाही घेत, माहीत आहे ना तुले. लग्नातबी उखाणा घेतला नव्हता, तुझी मोठी आत्या अजून टोमणे मारते. … हो, तेच खातं लॉक झालं.

दुसरं? दुसरं… अवं थांब ना. … 'सुजाता'.

कायले ओरडून राहिली? … नाही व बाई, नागपूरची नाही, ऑफिसातलीबी नाही! बापावर संशय घेते होय? … ओळखतो ना आपण तिले. … मीच! मीच सुजाता!

तुले कोण सांगन? मामा ताई म्हणते, आजी बाई म्हणे. लग्नात ताटातल्या तांदळावर यायनं अंगठीनं 'रत्नमाला' लिहिलं, अन् सुजाता गेली. मीच विसरली होती. हे नाही विसरले, पाहय! … नाही, रडून नाही राहिली. हसून राहिली मी. लय बरं वाटून राहिलं, प्रांजली.

हो, हो, वेळ नाही… काय? ॲडमिन? म्हणजे ही सुजाता यायचंबी खातं खोलू शकते? … वा! टीव्हीचा रिमोट नाही भेटला कधी, अन् इथं डायरेक्ट मालकीण!

दाबलं. पासवर्ड मागून राहिलं. खाली एक ओळ लिहून ठेवली यायनं. 'जे तू कधी म्हणत नाहीस ते.' … मी काय नाही म्हणत? 'थकली' नाही म्हणत. … 'भाजी चांगली झाली' तं हेच नाही म्हणत. …

अगं बाई!

नको! तू नको सांगू, समजलं मले. … तूच सांगितलं होतं ना यायले, पासवर्ड असा ठेवा का कोणाच्या तोंडून निघालाच नाही पाहिजे? ठेवला! माझ्याकडून कोण काढू शकते?

करून राहिली टाइप. … लाज वाटते तं काय करू? … अवं, अक्षरं उमटूनच नाही राहिले! … असंच असते? दाखवतच नाही? बरं झालं, मशीनबी आपल्याकडचीच निघाली.

उघडलं! प्रांजली, उघडलं!

सांग आता, काय लिहू? … हो… हो… पुन्हा यायचं नाव? … रिसेट. एंटर. … पुन्हा पासवर्ड मागते व! आत घेतलं ना आत्ताच? … मोठ्या कामाले पुन्हा विचारते? आजच्या दिवसात सगळी कसर काढून राहिलं हे!

झालं. … पक्कं खुललं? यायले काहीच समजणार नाही? … देव भलं करो तुझं, जाय मीटिंगले…

थांब, थांब! स्कूटर आली. … थांबलीच नाही! बळीरामभाऊच्या मागं बसून हे तसेच मंडळात चालले, मशीन इथंच! … थांब, गेटवर जाते, फोन हातातच आहे. अहो! … अहो, ऐका ना! … अवं, समोरचे दोघं पलटले, पानठेल्यावरचे तिघं पलटले, हेच नाही पलटले! सगळेच कोणाचे ना कोणाचे अहो! … काय करू? वळणावर पोहोचले… डेमो कशानं देतील…

नरहरी! ओ नरहरी!

…थांबले.

हो. घेतलं. … हो, पूर्ण रिसालीनं ऐकलं. … येऊन राहिले पायी. लाल झाले कानापर्यंत, नवरदेवासारखे. … ठेव तू. …

अहो, असे काय पाहून राहिले? हे घ्या मशीन. अन् पहिले माझा पासवर्ड बदला, आता गावाले माहीत झाला!