हाशिमच्या वाटची माती

“हॅलो?… हां हाशिम, मीच, दिपक… कुठवर आला?… निर्मललाच अडकला? अरे, मग दुसरी गाडी बघ ना…”

वारंगा फाट्यावरच्या एसटीडी बूथमधी दिपक रिसीव्हर कानाला दाबून उभा होता. हाशिमची अम्मी, खुर्शीदबी, पहाटं वारली होती. दिपक तांड्यावरचा, पण तिच्या हातची भाकर खाऊनच वाढलेला. तिला खाला म्हणायचा.

“न्हाई रे, थांबत न्हाईत… व्हय, बोललो की. तुझ्या जमीलचाचाच्या पाया पडलो… अरे ऐक ना… उन्हाचं मय्यत ठेवता येत न्हाई म्हणले… हां, दिवस कलल्यावर, असरच्या नमाजनंतर मिट्टी… रडू नको…

काय?… तुझ्या वाटची? मी?… न्हाई हाशिम. खड्डा खणतो, खांदा देतो… ते सांगू नको.”

हाशिमच्या घरात कबरीवर मूठमूठ मिट्टी देणं म्हणजे शेवटचा मान. गावातली बाकीची माणसं ‘मातीला चाललो’ म्हणत आन सरण पेटवून येत. तांड्यावर लग्न झालेल्याला आगच. माती फक्त कोवळ्या लेकराला. दिपकनं ती संक्रांतीच्या मागंपुढं आपल्या लेकराला, शितलला दिली होती. तवापासून घरात हा शब्द कुणी काढत न्हवतं. त्याची बायको शिला तर शेतातल्या मातीलाबी माती म्हणंना गेली.

“मान असंल तुमच्यात… मला लेकराचं तोंड दिसतं रे… मूठ उघडंना गेली होती माझी. नेमसिंगकाकानं बोटं सोडवली… व्हय… म्हाईत हाय मला. शिलाला मांडीवर घेऊन खालाच बसली होती रातभर… म्हाईत हाय म्हणलं ना…”

बूथवाल्या संतरामनं बाहेरून काच वाजवली आन रोडाकडं बोट केलं. जनाजा निघाला होता.

“हाशिम… निघाले बघ… देतो. देतो म्हणलं ना… पण काय म्हणायचं असतं तवा?… ते अरबी मला न्हाई जमायचं. जीभ वळत न्हाई… मी आपलं माझ्या आईला मारतो तशी हाक मारतो… याडी, ही तुझ्या हाशिमची, म्हणतो… चालंल ना?… हॅलो?… हाशिम?… चालंल का, तेवढं सांग…”

लाईन गेली होती. दिपकनं रिसीव्हर ठेवला, गळ्यातला रुमाल डोक्याला बांधला आन जनाज्याच्या मागं निघाला.