पेटक्यांवरची गोळी

—नाही गं सिस्टर, दुखत नाही. ओठांना मुंग्या येतात तेवढ्या. तू आपली मशीनकडे बघ, माझ्याकडे काय बघायचंय! जन्म गेला माझा शिलाईमशीनवर, मला कळतं सगळं. एका नळीनं रक्त काढायचं, त्यातलं माझं खराब पाणी टाकून द्यायचं — प्लाझ्मा म्हणता ना तुम्ही — आणि दुसऱ्या कुणाचं चांगलं घालून परत सोडायचं. उसवायचं नि शिवायचं, दुसरं काय! पण माझी शिवण टिकतच नाही मेली. संध्याकाळी प्लेटलेट वर, सकाळी पुन्हा खाली. डॉक्टर बिचारे विचारून थकले — आजी, कुठली गोळी घेता का? गोळीनंही होतं असं. म्हटलं, छे! पेटक्यांवरची गोळी ती काय — अं? कुठे काय, असंच म्हटलं. पायडल मारून मारून पोटऱ्या आवळतात गं, रात्री जीव नकोसा होतो, म्हणून आपली कधीतरी, घरी. इथं कुठली घेणार? माझी पिशवी झाडून घेतलीत की तुम्ही!

हात वर कर बघू. बाही उसवलीय तुझी, सुई असती तर आत्ता — हे काय? कोपराला पट्टी कसली? प्लाझ्मा दिलास? तू? साठा संपत आला म्हणून? अगं, काडीसारखी तू, वाऱ्यानं उडशील — आणि मी इथं —

ऐक. ही उशी घरची आहे. अभ्र्याला आतून चोरखिसा आहे, मीच शिवलाय. त्यात आहेत गोळ्या. रोज रात्री एक घेते. धाकट्या भावानं दिल्या, औषधाचं दुकान आहे त्याचं — चिठ्ठी नाही, काही नाही. आई गेल्यावर मीच वाढवलंय त्याला. परवाना गेला तर पोरंबाळं घेऊन जाईल कुठं तो? — हो गं, निदान घेणं तरी थांबवायचं, कळतं मला! पण थांबवली आणि बरी झाले, तर? मग त्या गोळीनंच झालं हे ठरलं ना! म्हणजे माझ्या भावानंच मला — ते नको होतं मला. म्हणून घेत राहिले. आणि तुम्ही ओतत राहिलात, कुणाकुणाच्या अंगातलं.

रडू नकोस. डॉक्टरांना बोलाव. दुकान कुठलं विचारतील — सांगेन मी, माझ्या तोंडानं. ही उशी ने आधी. डोक्याखाली काही नको मला. बघतेस काय अशी? ने म्हणते ना!