अण्णांची गार बाटली

चहाच्या वेळेला सांगू नये, पण सांगतोच. लॅबमध्ये असताना मी एका संशोधनासाठी लोकांची लघवी गोळा करायचो. त्यात पेशींनी सोडलेल्या अतिबारीक पिशव्या असतात. खाण्यानं त्या बदलतात, उष्णतेनं बिघडतात. म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवा, असं सगळ्यांना बजावायचो. पण दुधाच्या पातेल्याशेजारी ती बाटली कुठली बाई ठेवू देईल? सगळ्यांच्या कोमटच यायच्या. कळंब्याच्या म्हाताऱ्या अण्णांची तेवढी गारेगार.

"काल काय खाल्लं, अण्णा?"

"मेसचा डबा. रोजचाच."

"आणि बाटली फ्रिजात? घरात कोण ओरडत न्हाय?"

"ओरडायला हाय कोण? फ्रिजात तेवढी बाटलीच असती," अण्णा म्हणाले. "आज बायकू असती तर बाटलीसंगट मलाबी भायेर काढलं असतं की."

मला हसू आलं.

"लय बरं झालं असतं," अण्णा म्हणाले.