करंटची सरळ रेघ

— नाही नाही, उचलू नका अजून! खाली ठेवा — सावकाश — हां, तसंच. सही करतेय ना मी, पळून जात नाहीये. दोन मिनिटं. तुम्ही लिव्होर्नोचे, बोलण्यावरूनच कळलं — आपल्या दोन गावांचं जुनं हाडवैर, पिसाच्या माणसासाठी दोन मिनिटं थांबायचं म्हणजे तुमच्या अगदी जिवावर येणार, पण थांबा. जेवलात का? कोपऱ्यावर चेचीना मिळते, गरम, पावात घालून — हो, हो, तुमच्याकडे तिला तोर्ता म्हणतात, म्हणा हवं ते, पीठ हरभऱ्याचंच ना शेवटी?

एवढ्याशा खोक्याला एवढी कागदपत्रं कशाला, असंच ना? कॅथोड आहे आत. नखाएवढा. त्याच्यावर कार्बनचं गवत उगवलंय — केस असतो ना, त्याच्याहून हजारपट बारीक काड्या — आणि व्होल्टेज दिलं की त्या टोकांमधून इलेक्ट्रॉन उडतात, न तापवता, गॅस न लागता. हसू नका, मी पाच वर्षं हेच करतेय. कशाला? अहो, यानाचं इंजिन मागे धन भार फेकतं आणि यान पुढे जातं. पण नुसतं धनच फेकत राहिलं तर यान ऋण होत जातं, आणि फेकलेलं सगळं ओढलं जाऊन त्यालाच परत चिकटतं. म्हणून जेवढं धन, तेवढंच ऋण बाहेर टाकायला हवं. ते काम ह्याचं. हा मेला की इंजिन मेलं. आणि हा ज्यात बसणार तो उपग्रह कशासाठी जातोय, माहितीये? काम संपलं की स्वतःहून खाली यायचं, हवेत जळून जायचं — एवढंच जगाला दाखवायला! वर नुसता उकिरडा केलाय लोकांनी, आणि जो तो म्हणतो, पुढचे बघतील. पुढचे म्हणजे कोण? मीच ना? सत्तावीस वर्षांची आहे मी. आणि आता हाच मधेच मेला, तर कचरा कसा काढायचा ते शिकवायला गेलेलाच शंभर वर्षं वर कचरा होऊन फिरणार —

मरणार आहे असं मी म्हटलं का? — म्हटलं वाटतं.

बरं. हे बघा. हजार तासांची चाचणी, हा करंट. रेघ बघा, ताणलेल्या दोरीसारखी! आमचे सर, प्रोफेसर लानफ्रान्की, तोरिनोच्या उपग्रहवाल्यांना हाच आलेख पाठवतायत. खोटा नाही हां, एक आकडा खोटा नाही. पण करंट सरळ आहे कारण यंत्र तो सरळ ठेवतं — थोडं गवत मेलं की उरलेल्यावर व्होल्टेज वाढवतं, आणखी मेलं की आणखी वाढवतं. खरं काय ते व्होल्टेजच्या आलेखात, आणि तो कोणी मागितलाच नाही. सहाशे व्होल्टवर सुरू केलं, नऊशे चाळीस व्होल्टवर संपलं. यानात हजाराच्या पुढे जायची सोयच नाही. आणि वर त्याला अजून तीन हजार तास चालायचंय.

सांगितलं ना सरांना! म्हणाले, "ओर्नेला, अटीत काय लिहिलंय? हजार तास, करंट स्थिर. आहे ना स्थिर? मग?" मग काय, मग! तोरिनोच्या लोकांना कळलं तर ते काय करतील? अर्ध्या करंटवर चालवतील, बस! उरलेलं गवत टिकेल, यान उशिरा का होईना, खाली येईल. फक्त सांगायला हवं. पण अर्ध्या करंटवर म्हटलं की आमचा कॅथोड नापास, सरांची बारा वर्षं पाण्यात. आणि न कळता पूर्ण करंटवर चालवला तर — महिना, दीड महिना.

आधी असा नव्हता हो तो. सहाशे बारा तास व्होल्टेज तसूभर हललं नव्हतं. मग सोळा जून — आमच्याकडे संत रानिएरीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी नदीकाठच्या खिडकी-खिडकीत दिवे लावतात — तुम्ही मुरडणारच नाक — सगळे चारलाच पळाले. आणि इकडे टाकीचा पंप बंद पडला. निर्वात टाकी ती, आत हवा शिरली, अन् कण गवतावर गारांसारखे आपटले. — सेफ्टी? असते की. दाब वाढला की व्होल्टेज आपोआप तोडते. — का नाही तोडलं म्हणजे? — कारण तिला निकामी करायला तिच्यावर तार बांधलेली होती. एवढीशी, लाल. दाबमापक त्या आठवड्यात दोनदा उगाच ओरडला होता, आणि नियम असा, की व्होल्टेज एकदा तुटलं की तास परत शून्यापासून. सहाशे तास — शून्य! कोणीही बांधली असती. आमचा तंत्रज्ञ दुच्चो तर म्हणतो, जिथे टाकी आहे तिथे कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये अशी तार असतेच —

मी. मी बांधली. आणि आईबरोबर दिवे बघायला गेले. फार सुंदर होते. दोन तास. परत आले तर पंप गप्प, व्होल्टेज एकदम नऊशे दहावर, आणि करंट — सरळ. पंप सुरू केला, तार काढली, वहीत लिहिलं, 'सर्व ठीक'.

हे सरांना नाही सांगितलं. आईला नाही, कोणालाच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आता निघून जाणार म्हणून.

हे पाकीट. व्होल्टेजचा आलेख आहे. तोरिनोला खोकं ज्यांच्या ताब्यात द्याल, त्यांच्याच हातात द्या, टेबलावर नाही. सकाळपासून तीनदा कचऱ्यात टाकलं, तीनदा काढलं. — थांबा, पेन द्या तुमचं. 'सोळा जून. सेफ्टीवर तार मी बांधली होती.' — नाव? नाव घातल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार... घातलं. हे घ्या पेन, हे पाकीट. नाही, पिशवीत नको, शर्टाच्या आत —

— हो सर! निघालेच ते! — त्यांच्या हातात? कुठे काय? — अहो, चेचीनाच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला, सर. लिव्होर्नोचे आहेत, खरी चव माहीत नाही बिचाऱ्यांना. — खाली येताय? या ना.

उचला. उचला हो. ही घ्या सही. आडवं नका करू — जा. माझ्याकडे बघत काय उभे राहिलात? जा ना!