कोपरगावकरणीची फियाट

बनुबाई : अहो, पेटला दिवा!

मच्छिंद्र : म्हंजी स्विचपातूर करंट हाय. आता चिमटा तसाच बॅटरीला ऱ्हाऊ दे, आन् टेस्ट लॅम्पची सुई हितं टेकव. हिटरच्या पंख्याची वायर हाय ती.

बनुबाई : टेकवली. हितंबी पेटला.

मच्छिंद्र : आन् पंखा गप्पच. च्यायला!

बनुबाई : शिव्या नका देऊ गाडीला. रविवारी बाईसाहेब बसनार हायेत तिच्यात.

मच्छिंद्र : बने, सकाळधरनं सतरांदा तेच काढतीस.

बनुबाई : काढनारच! कोपरगावची ज्ञानेश्वरी. माज्या आदी बघितलेली पोरगी. तिच्या बापाची फियाट तुमी तिच्या भावांच्या शेडातनं उचलून आनली, मी काय बोलले न्हाई. आता तिचा फोन येतो, "आबांच्या गाडीत एकदा बसायचंय," आन् तुमी लागले हिटरच्या मागं. वर दिवा धरायला मीच!

मच्छिंद्र : थंडी लई पडलीय गं. वय झालंय तिचं.

बनुबाई : आन् मी काय काल न्हातीधुती झाले? माज्या गुडघ्यांना थंडी वाजत न्हाई?

मच्छिंद्र : सरक जरा. बॅटरीवरनं दोन वायरी थेट पंख्याला लावून बघतो.

बनुबाई : अगं बया, फिरला की!

मच्छिंद्र : म्हंजी पंखा चांगला हाय. करंट येतोय, पर त्याला माघारी जायला वाट न्हाई. अर्थिंग तुटलं आसंल. मोबाईलचा उजेड पाड आत. काळी वायर कुटं स्क्रूनं पत्र्याला बसवलीय का?

बनुबाई : हाय. स्क्रू बी घट्ट हाय. पर खाली समदा लाल रंग हाय.

मच्छिंद्र : लाल? तिथंबी?

बनुबाई : व्हय. का हो?

मच्छिंद्र : रंगातनं करंट जात न्हाई. तिथं पत्रा उघडा लागतो.

बनुबाई : रंग कुनी दिला?

मच्छिंद्र : मीच. दसऱ्याला. गंज चढू नये म्हनून.

बनुबाई : जिथं मान्साचा डोळा जात न्हाई तिथंबी रंग! आन् माज्या न्हानीच्या खिडकीची जाळी गंजून भुगा झाली, दर दसऱ्याला सांगती, तिला न्हाई उरत. बरं झालं. जलमभर कारखान्यात वायरमन म्हनून मिरवले, आन् तिची गाडी म्हटल्यावर अर्थिंगवरच रंग फासला!

मच्छिंद्र : पॉलिश पेपर दे. गाडीसाठी केलं मी, बाईसाठी न्हाई.

बनुबाई : मग एवढं काय हाय या डबड्यात?

मच्छिंद्र : तिला बघून निघालो, तवा तिच्या बापानं हिच्यातनं स्टँडवर सोडलं. ऐन थंडीचे दिस. पायावर ऊन ऊन वारं यायला लागलं. गाडीत असं आसतं हे मला ठावंच नव्हतं. तिचं तोंड आता आठवत न्हाई, पर ते वारं आठवतंय.

बनुबाई : आन् नकार कुनी दिला? खरं सांगा.

मच्छिंद्र : त्यांनी.

बनुबाई : म्हंजी त्यांनी व्हय म्हटलं आसतं तर आज ती हितं आसती. मी आपली उरल्यासुरल्यातली. जळतं माजं, तोंडावर सांगती. नातवंडं झाली तरी जळतं.

मच्छिंद्र : थांब, पत्रा उघडा झाला. स्विच दाब.

(पंखा घरघरत सुरू होतो.)

मच्छिंद्र : लागला! हात धर हितं, वारं बघ कसं येतंय.

बनुबाई : मला नको तिचं वारं. मला बघून गेलते तवा कशानं गेलते? माज्या बापाकडं तर सायकलबी नव्हती.

मच्छिंद्र : एसटी चुकली. कर्जतच्या फाट्यावर उभा ऱ्हायलो, मग कांद्याचा टेम्पो घावला. मागं गोण्यांवर बसून आलो.

बनुबाई : तेबी थंडीचेच दिस हुते की. उघड्यावर? काकडून मेले आसते ना!

मच्छिंद्र : घरी गेल्यावर आई वरडली. हात बर्फावानी झालेत म्हनली. तवा मला कळलं, थंडी हाय ते.

बनुबाई : तवा कळलं?

मच्छिंद्र : तवाच.

बनुबाई : बरं. रविवारी पुढच्या सीटवर मी बसनार. सांगून ठेवती.