दोघी एका डबीत

बाबा: तू मोजायच्या आधीच सांगतो. एक अळी कमी आहे.

मुलगी: कमी म्हणजे? मेली?

बाबा: मेली असती तर दिसली असती. नाहीच आहे.

मुलगी: झाकण उघडं राहिलं का? टेबलाखाली बघितलंत?

बाबा: पळाली नाही गं. सकाळी तू गेल्यावर मी दोघींना एका डबीत ठेवलं. आता एकच आहे, आणि चांगली टम्म आहे.

मुलगी: बाबा, सांगितलं होतं ना मी? घाटेअळ्या एकमेकींना खातात.

बाबा: सांगितलंस. मला वाटलं, पोटभर खायला असल्यावर कशाला खातील.

मुलगी: भरल्या पोटीही खातात. प्रयोगशाळेतल्या सगळ्या रोगाने गेल्या, म्हणून तर ह्या घरी आणल्या. निरोगी एवढ्याच उरल्यात. ह्यांची पुढची पिढी झाली नाही, तर आमचं काम बसलंच.

बाबा: रागाव. तुझं बरोबर आहे.

मुलगी: रागावत नाहीये. पण तुम्ही असं का केलंत? तुमचं आणि हिचं तर जुनं वैर.

बाबा: वैर म्हणजे काय. आपल्या शेतात टोमॅटोवर इतकं छळलंय हिने. चिमटीत धरून चिरडायचो, तुझी आई तोंड फिरवायची. आणि इथे तू हिला हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं घालून वड्या थापून देतेस. जावयाची सरबराई नुसती.

मुलगी: नीट पोसली नाही तर दुबळी निघते. मग आमचं अळी मारायचं औषध लागू पडलं की ती उपासमारीनेच मेली, हे कळणार कसं? शेतातल्यासारखी धडधाकट हवी.

बाबा: ते पटलं मला. पहिले काही दिवस नुसता राग यायचा. पण तू गेलीस की घरात दुसरं हलणारं काय आहे? यांच्याकडेच बघत बसायचो. त्या कडेच्या डबीतलीने कालपासून वडीला तोंड लावलं नव्हतं. वाटलं, शेजारी कुणी खाताना दिसलं तर खाईल.

मुलगी: आणि?

बाबा: तीच गेली बहुतेक.

मुलगी: कात टाकायच्या आधी खात नाहीत त्या. लागली असती आपोआप खायला.

बाबा: असं होय. म्हणजे मीच घात केला तिचा.

मुलगी: जाऊ दे. बाकीच्या छान वाढल्यात. तुम्ही जेवलात का? ओट्यावरचं झाकून ठेवलेलं तसंच दिसतंय.

बाबा: भूक नव्हती.

मुलगी: आणि काल?

बाबा: काल खाल्लं थोडं. एकट्याने घास उतरत नाही, चिमे. रात्री तू ताट घेऊन कॉम्प्युटरपुढे बसतेस... तक्रार नाही हं. तुझं काम असतं.

मुलगी: (खुर्ची टेबलाशी ओढत) ह्या डब्या जरा तिकडे सरकवा. हळू. दोन ताटं मावली पाहिजेत.

बाबा: इथे? ह्यांच्या पिठाचा वास येतो.

मुलगी: येऊ दे.

बाबा: बरं. तू हात धुऊन ये, मी वाढतो.