कसलीही तक्रार नाही

आमचं मूळ निपाणीचं. माजी आय तंबाखूच्या वखारीत चाळण मारायला जायची, उजाडताना गेलेली दिवस बुडताना यायची, आली की आधी परड्यात जाऊन शिंकायची, धा-वीस शिंका, मग आत येऊन आमास्नी जवळ घ्यायची आन आमीबी शिंकायला लागायचो, हसू नका ताई, खरं सांगते, तंबाखूचा वास आला की मला अजून आय आली असं वाटतंय. बा लवकर गेला. धर्म बदलला तवाच घरातले देव बाहेर पडलेले, नवस न्हाय, अंगारा न्हाय, आय म्हणायची आता काय त्ये शिकायचं. शिकले. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेली पयली पोरगी मी, आन त्या मॅट्रिकच्या जोरावरच नोकरीवाला नवरा मिळाला, गडहिंग्लजकडचा, साखर कारखान्यात टायमकीपर. सत्तर सालाच्या पुढंमागं लगीन झालं. शिकलेली बायको पायजे म्हणून केली आन शिकलेली हाय म्हणून मारायचा, आता बोला. पेपर वाचला की मार. म्हणायचा, मला शिकवतीस?

तीन वरसं काढली. मग एक दिवस पिशवी घेतली आन निपाणीला आले. आय परड्यात शिंकत हुती. तिनं माज्याकडं बघिटलं, पिशवीकडं बघिटलं, का आलीस म्हणून इचारलं न्हाय, किती दिस ऱ्हाणार म्हणून न्हाय, एवढंच म्हणली, भाकरी खातीस न्हवं. बास. पुढं मी एवढी टरेनिंगं केली, धारवाडला दोनदा गेलते, कानडीतनं भाषणं, निम्मी कळली निम्मी न्हाय, पर आयनं त्या दिवशी जे केलं तेवढं कुणी शिकवलं न्हाय. आन मलाबी येळंला आठवलं न्हाय, हेच तर सांगायला बसले.

मग बेळगावात बालवाडीवर लागले, शहापुरात एक खोली घेतली. ऐंशी उलटल्यावर आमच्याच संस्थेनं कुटुंब सल्ला केंद्र काढलं आन मला तिकडं घातलं. मी म्हणलं, अवो मी नवरा सोडून आलेली बाई, मी कुणाचा संसार काय जोडणार? तर चेअरमन म्हणाले, तुमाला अनुभव हाय. अनुभव! आग लागो त्या अनुभवाला.

केंद्रात आमी तिघं. एक मोठ्या बाई, म्हंजे हेडमास्तरीण हुत्या, रिटायर झालेल्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, आठ महिन्यांचा संसार, पुढं सगळा जलम शाळेत. लई करड्या पर मनानं बरी बाई. त्यांच्या लेखी नवरा म्हंजे भिंतीवरचा फोटो, त्यो ना मारतोय ना दारू पितोय. कुणी बाई रडत आली की त्यांचा पयला प्रश्न ठरलेला, जिवंत आहे ना? मग कशाला रडतेस. दुसरे शिरस्तेदार अण्णा. कोर्टात उभा जलम गेलेला, घरात कानडी, आमच्याशी मराठी बोलायचे पर मधनंच अव्वा, तंगी, म्हंजे आय, धाकटी भन, असं चालायचं. पाच लेकी त्यांस्नी, पाचीबी दिलेल्या, आन कुठली तरी एक पिशवी घेऊन दारात येईल ह्या धास्तीनं माणूस वाळून गेलेला. आमच्याकडं आलेल्या पोरीत त्यांस्नी आपलीच लेक दिसायची, म्हणून घाईघाईनं तिला परत धाडायचे. आन कागदावर त्यांचा लई भरवसा. लिवून घेतलं की माणूस बांधला जातोय म्हणायचे.

आन तिसरी मी. माजं काय? मला भ्या वाटायचं. ही मोडकी बाई दुसऱ्यांची घरं मोडायला बसली असं कुणी म्हणू नये म्हणून मी ह्या दोघांच्याबी पुढं पळायची. महिन्याला किती जोडपी जुळवली त्यात माजा नंबर पयला. असं बघा, तिघांची तीन दुखणी, आन औषध मातर समोरच्या बाईला पाजायचं.

आमची एक रीत पडलेली. दोन्ही बाजूची माणसं बोलवायची, समजुतीचा कागद करायचा, सह्या झाल्या की बाईची ओटी भरून तिला सासरी लावून द्यायची. ओटी कुणी भरायची? मोठ्या बाई विधवा, त्या मागं सरायच्या. मग मीच. नवरा जिता हाय न्हवं माजा, म्हणून मी सवाशीण! ज्याचं तोंड बघत न्हाय त्याच्या नावानं मी दुसऱ्याच्या लेकीस्नी तांदूळ-नारळ घालत हुते. आमच्यात हे काय न्हवतंच, आन माज्या आडनावावरनं जात कळत न्हवती म्हणून कुणी इचारलं न्हाय. आय असती तर तिनं मला त्याच नारळानं हाणली असती.

मंगल आमच्याकडं तीनदा आली. म्हायेर सांबऱ्याचं, बापानं हातमाग विकून गवंड्याच्या हाताखाली काम धरलेलं. दिलेली वडगावात, पावरलूमवाल्याच्या घरात. घरातच माग, दिवसभर खडखडखडखड, आत बाईला मारलं तरी शेजारणीला ऐकू जाईना. पयल्या खेपंला आली तवा पाठ दाखवली, मागाचा धोटा असतोय न्हवं, लाकडाचा, दोन्हीकडनं लोखंडी टोकाचा, सूत इकडनं तिकडं नेणारा, त्यानं हाणलेलं. मोठ्या बाईंनी नवऱ्याला झाडला. त्यानं कान धरलं. गेली. दुसऱ्यांदा पोटुशी हुती, तवा तर मी सोता सासूला समजावलं, आता नातवंड येतंय, जपा. सासू डोळ्यांस्नी पदर लावून रडली. गेली. तिसऱ्यांदा आली ती एकलीच, वर्साची लेक काखंत, वडगावातनं चालत. बाकड्यावर बसली आन म्हणली, आक्का, ह्या खेपंला मला धाडू नगासा. मी भांडी घासते, केर काढते, धा दिवस तरी हितंच कुठं तरी पडू द्या. म्हायेरी का जाईनास म्हणलं, तर म्हणली बाबा दुसऱ्या दिवशी आणून सोडतोय, दोनदा सोडलंय.

काय सांगू तुमास्नी. माजी खोली तिथनं चालत पाव तासाच्या वाटंवर हुती. मी एकली ऱ्हात हुते. दोन चटया टाकल्या असत्या. पर नियम काय, सल्लागारानं केस घरी न्यायची न्हाय. धारवाडला शिकवलेलं, ते बरोबर आठवलं बघा.

तेवढे दिस बापाला सांगून तिला म्हायेरीच ठेवली, आन आठवड्यानं सगळी जमली. नवरा दाढी करून आलता, सासूनं कुंदा आणलेला, आमास्नीबी दिला, आन आमी खाल्लाबी. शिरस्तेदार अण्णांनी मजकूर सांगिटला आन मी लिवला, दोन्हीकडची माणसं मराठी, अण्णांचं मराठी अक्षर बरं न्हवतं, म्हणून लिवायचं काम माजं. नवरा हात उगारणार न्हाय, सासू उपाशी ठेवणार न्हाय, बायको न सांगता घर सोडणार न्हाय. आन शेवटची ओळ दर कागदावर असायची तीच, यापुढे माझी कसलीही तक्रार नाही. अण्णा म्हणायचे, ही ओळ असल्याबिगर कागद पुरा होत न्हाय.

मंगल सातवी शिकलेली. तिनं सगळा कागद बोट फिरवत वाचला. शेवटाला आली, पेन हातात धरून थांबली आन माज्याकडं बघून हळूच म्हणली, आक्का, तक्रार हाय की वो.

मी म्हणलं, असूंदे गं, तसं लिवायचं असतंय. सही कर.

केली सही. मी ओटी भरली. नवऱ्याकडं बघून म्हणलं, जपा हं तिला. त्यानं मान हलवली.

पंधरा दिवसांनी घरी जाऊन बघून यायचं असतंय, गेले. मंगल सुताच्या कांड्या भरत बसलेली, सासू उंबऱ्यावर, माग चालू. सासूच्या देखत मी वरडून इचारलं, बरं हाय न्हवं? तिनं मान हलवली. मी फायलीत लिवलं, संसार सुरळीत. चहा घेतला आन आले.

दोन महिनं झालं नसतील, परसातल्या हिरीत गावली. पाणी काढताना पाय घसरला म्हणाले. पाणी काढायला गेलेली बाई बांगड्या काढून कट्ट्यावर ठेवती व्हय? तिच्या आयनं त्या बांगड्या मला आणून दाखवल्या, काचेच्या, हिरव्या, एकबी फुटलेली न्हवती. आता तिनं सोता उडी घेतली का कुणी ढकललं, देवाला ठावं, आन देव तर आमच्या घरातनं कवाच गेलेला. पर मारली आमीच.

चौकशी लागली. फौजदारानं मला बोलवलं. पुढ्यात तोच कागद, नवऱ्यानं आणून दिलेला, छान घडी घालून जपून ठेवलेला. अक्षर तुमचं? व्हय म्हणलं. सही तिची? व्हय. जबरदस्तीनं घेतली? न्हाय म्हणलं, तशी न्हाय. म्हणजे तक्रार नव्हती. मी म्हणलं सायेब, हुती, सही करताना ती मला म्हणली, तक्रार हाय म्हणून. त्यो माणूस वाईट न्हवता, त्यानं पेन खाली ठेवलं आन इचारलं, मग बाई, तुम्ही असं का लिहिलंत? त्याला मी काय सांगणार हुते? आमच्यात तसं लिवतात म्हणून? प्रकरण मिटलं. भांडण मिटवायला लिवलेला कागद, मरण मिटवायलाबी चालला.

केंद्रात आले. शिरस्तेदार अण्णा म्हणाले, तंगी, कागद चुकीचा न्हवता, आन म्हणता म्हणता ढसाढसा रडायला लागले, सत्तरीचा माणूस. मोठ्या बाईंनी टेबल पुसलं, परत पुसलं, मग बाहेर बसलेल्या बाईला आत बोलवलं. त्या दिवशी मला त्यांचा लई राग आला. आता येत न्हाय. बाहेर बाकडं भरलेलं असतंय, काय करणार.

आन खरं सांगायचं ते पुढंच हाय. सा महिन्यांनी मंगलचे आयबाप आले, संगं धाकटी पोरगी, शोभा, सतरा-अठराची. आले ते भांडायला असं मला वाटलं, मी म्हणलं चांगलं झालं, दोन शिव्या तरी खाऊ. तर बाप म्हणतोय, आक्का, कागद करून पायजे. कसला? तर शोभाला त्याच घरात द्यायची, मंगलच्या नवऱ्याला, लेकराला मावशीच आय म्हणून बरी. लगनाच्या आधीच पक्का कागद करून द्या, ह्या खेपंला काय वंगाळ व्हायला नगो.

मी उठलेच. जे तोंडाला आलं ते बोल्ले, एक पोरगी हिरीत घातलासा आन दुसरी उचलून आणलासा व्हय, लाजा न्हाईत? आय मान खाली घालून पदराची चुणी करत बसली. बाप मातर रागावला न्हाय, सुतासारखा सरळ माणूस, शांतपणी म्हणला, आक्का, घर वाईट असं कसं म्हणायचं? मंगलनं लिवूनच दिलंय की, कसलीबी तक्रार न्हाय म्हणून. तुमच्याच तर हातचं हाय.

ताई, त्या दिवशी मला कळलं की आता माज्या बोलण्याला काय किंमत ऱ्हायली न्हाय. मी म्हणलं, मी कागद करणार न्हाय. बरं, म्हणले. अण्णांनीबी नकार दिला. मग बापानं कचेरीजवळ बसणाऱ्या एका लिवणाऱ्याकडनं करून घेतला.

जाताना शोभा पाणी प्यायला म्हणून मागं ऱ्हायली. मी तिचा हात धरला. म्हणलं पोरी, ऐक. शहापुरात माजी खोली हाय, देवळाच्या मागच्या बोळात, कुणालाबी इचार. ज्या दिवशी एक थप्पड खाशील त्या दिवशी ये. लेकराला घेऊन ये. कवाबी ये, कुणाला सांगू नगो, मी काय इचारणार न्हाय.

तिनं तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं. लई देखणी पोर, मंगलपरास उजवी. म्हणली, आक्का, माज्या ताईला सांगिटलं हुतंसा हे?

न्हाय, म्हणलं.

तिनं हात सोडवून घेतला आन बापाच्या मागं गेली.

लगीन झालं. दोन वरसं व्हतील आता. मी अजून त्याच केंद्रात हाय, पोट हाय पाठीला. मोठ्या बाई थकल्या, अण्णा यायचे बंद झाले, नव्या दोन पोरी आल्यात, शिकून आलेल्या, त्या मला इचारतात आक्का कसं करायचं, मी म्हणते मला इचारू नगासा. शोभा एकदाबी आली न्हाय. बरी हाय म्हणून आली न्हाय, का मंगलला जे सांगिटलं न्हाय ते हिला सांगणाऱ्या बाईवर तिनं इस्वास ठेवला न्हाय, मला कसं कळणार? त्या घरात जायाचं माजं धाडस न्हाय. शनवारी बाजारात वडगावच्या बायका येतात, भाजी घेता घेता मी सहज इचारल्यासारखं इचारते, त्या पावरलूमवाल्याच्या घरची धाकटी दिसती का वो? दिसती की, म्हणतात. मागच्या शनवारीबी दिसती म्हणाल्या. सुखात ऱ्हाऊ दे असं म्हणायचं आता माजं तोंड न्हाय. तेवढी दिसत ऱ्हाऊ दे.